इक्वलायझर, पेडल आणि दामाजीची झोप

देवराम पगारे चार वर्षं बेस गिटार वाजवत होता, आणि चार वर्षांत त्याला एकदाही कुणी 'छान वाजवलंस' म्हटलं नव्हतं. 'वाईट वाजवलंस' असंही कुणी म्हटलं नव्हतं. वाईट म्हणायला आधी ऐकू यावं लागतं. दिवसभर डोंबिवलीच्या रंगाच्या कंपनीत डबे तपासायचे, संध्याकाळी कोपरच्या खोलीत बसून बोटं सोलपटेपर्यंत सराव करायचा आणि शनिवार-रविवारी ठाण्याच्या 'दर्यासूर ऑर्केस्ट्रा'बरोबर हळदी, पूजा, बारशी वाजवायची, असा त्याचा क्रम. कार्यक्रम संपला की यजमान गायकाला शाल घालायचे, ढोलकीवाल्याची पाठ थोपटायचे, आणि मग देवरामकडे वळून अगदी आपुलकीने विचारायचे, "तुम्ही टेम्पो चालवता का?"

आता यात यजमानांचीही चूक नाही. साध्या गिटारला सहा तारा असतात, ती टणटणते, मिरवते. बेसला चारच, पण दोरखंडासारख्या जाड. तिचा आवाज जमिनीलगत चालतो. गाण्यात तो असतो, पण कुठे असतो ते विचारलं तर भल्याभल्यांना बोट दाखवता येत नाही. हे देवरामला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असलं म्हणून लागायचं थोडंच राहतं?

खरं लागलं ते एप्रिलमध्ये. सन ब्याण्णव. कोपरच्या त्यांच्या चाळीत जयंतीला 'दर्यासूर'चा कार्यक्रम होता. देवरामचं लग्न नुकतंच डिसेंबरात झालेलं. त्याची बायको शालन पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून, शेजारच्या चार बायकांना 'आमचे हे वाजवणार आहेत' असं सांगून बसली होती. शालन काही साधीसुधी नव्हती. लग्नाआधी ती कल्याणला रेडिओ जोडणीच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. यंत्राच्या पोटात काय असतं ते तिला देवरामपेक्षा जास्त कळायचं. कार्यक्रम झाला, जेवणं झाली, आणि भांडी घासता घासता तिने विचारलं,

"अहो, तुम्ही वाजवत होतात ना? की नुसते उभे होतात?"

"वाजवत होतो."

"मग बरं," शालन म्हणाली आणि कढई घासायला घेतली.

त्या 'मग बरं'ने देवरामचं काळीज चिरलं. ती रागावली असती, हसली असती तरी चाललं असतं. तिने समजून घेतलं, हे फार वाईट झालं.

त्यात चार दिवसांनी कान्हाने बॉम्ब टाकला. कान्हा म्हणजे ऑर्केस्ट्राचा मालक आणि मुख्य गायक. घोडबंदर रोडवरून खाडीकडे आत वळलं की त्यांचं कोळीवाड्यातलं घर, आणि त्या घराच्या ओटीवर दर रविवारी सगळ्यांची प्रॅक्टिस. त्या रविवारी कीबोर्डवाला रतन नवाकोरा कीबोर्ड घेऊन आला होता. उजव्या हाताने गाणं वाजवा, डाव्या हाताने एक बोट दाबा, की त्यातून बेसचा आवाज निघे. टुक टुक, टुक टुक.

"देवा, राग मानू नको," कान्हा म्हणाला, "पण हे बघ, रतन डाव्या हाताने तुझं काम करतोय. टेम्पोत पण तेवढीच जागा होईल. तू बसतोस, तुझी गिटार बसते, तुझा तो स्पीकरचा खोका बसतो."

"चार वर्षं वाजवतोय मी, कान्हा."

"तेच तर. चार वर्षांत कोणी बोललं का, बेस मस्त होता? एक माणूस आण." कान्हा मनाने वाईट नव्हता, पण टेम्पोत दरवेळी त्यालाही मागच्या फळीवर बसावं लागे, आणि त्याची पाठ त्याच्या स्वभावापेक्षा लवकर बिघडली होती. "मेच्या मध्यावर हळदी सुरू होतील. त्याच्या आधी मला ऐकू येऊन दाखव. नाही आलास तर या सीझनला बेस नाही."

म्हणजे तीन रविवार. तीन रविवारांत ऐकू यायचं. कोपरला पोचेपर्यंत देवराम बोटांवर रविवार मोजत राहिला. ऑर्केस्ट्रा सुटला तर उरतं काय? रंगाचे डबे आणि त्यांची झाकणं.

देवासारखा धावून आला तो चंदू. चंदू हा कान्हाचा चुलतभाऊ, जहाजावर स्वयंपाकी. वर्षातून एकदा घरी येई आणि येताना ज्या वस्तूचा उपयोग ठाऊक नाही अशी एक तरी वस्तू घेऊन येई. दोन वर्षांपूर्वी त्याने कुठल्याशा बंदरावरून एक निळी लोखंडी डबी आणली होती, विटेच्या अर्ध्याएवढी. वर पायाने दाबायचं एक बटण, दोन फिरवायच्या कळ्या, आणि इंग्रजीत लिहिलेलं: साउंड एन्हान्सर. दुकानदाराने सांगितलं होतं की याने आवाज सुधारतो. चंदूने ती टेपरेकॉर्डरला लावून पाहिली, रेडिओला लावून पाहिली, एकदा दाराच्या घंटीलाही लावून पाहिली. शेवटी त्याच्या बायकोने, शीलाने, ती सुक्या बोंबलांच्या डब्यावर वजन म्हणून ठेवली. तिथे ती चांगली बसली.

"गिटारवाल्यांची दिसते," चंदू म्हणाला. "घेऊन जा. चालली तर चालली. पण डब्यावर ठेवायला दुसरं काहीतरी दे शीलाला."

देवरामने एक वरवंटा नेऊन दिला आणि डबी घरी आणली. शालनने नाकाला पदर लावला.

"याने गाणं वाजवणार की कालवण करणार?"

पण तिनेच ती उघडली, आतला गंज खरवडला, एक सुटलेली तार परत जोडली आणि नवी बॅटरी घातली. देवरामने गिटारची पिन एका बाजूला खुपसली, दुसऱ्या बाजूने घरातल्या छोट्या स्पीकरला वायर नेली, आणि अंगठ्याने बटण दाबून तार छेडली. त्या वाटीएवढ्या स्पीकरमधून, जिथून आजवर बेसचा नुसता दम लागल्यासारखा आवाज यायचा, तिथून सूर आला. स्पष्ट. कडा असलेला. देवरामने उठून पुन्हा वाजवला. तेवढ्यात शेजारच्या सीतारामने भिंतीवर धाडधाड हात मारला, "अरे देवराम, काय आवाज लावलायस!"

देवरामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या बेसबद्दल आयुष्यातली पहिली तक्रार आली होती.

डबीसोबत घडी घालून ठेवलेला एक कागद होता, बोंबलाच्या वासाचा. शब्दकोश मांडीवर घेऊन देवरामने तो दोन संध्याकाळी वाचला. पुढच्या रविवारी तो ओटीवर पोचला तेव्हा त्याची छाती जरा जास्तच पुढे होती. आणि तिथे त्याला धोंडिबा भेटला.

धोंडिबा हा कल्याणचा साउंडवाला. पन्नाशीचा, जाड भिंगांचा, आणि मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर या सगळ्या संसाराचा धनी. त्याच्याकडे एक इक्वलायझर होता. त्या काळी इक्वलायझर म्हणजे काय ते आज सांगून पटायचं नाही. काळी पेटी, समोर वरखाली सरकवायच्या दहा दांड्या, आणि त्यांच्या वर लाल-हिरवे दिवे. गाणं सुरू झालं की दिवे नाचायचे. पोरं गायकाकडे पाठ करून इक्वलायझरसमोर बसायची. हळदीची सुपारी द्यायला माणसं आली की कोण गाणार, किती गाणार हे नंतर, आधी "इक्वलायझर आणणार ना?" धोंडिबा ती पेटी स्वतःच्या हाताने टेम्पोत चढवायचा, स्वतःच्या हाताने उतरवायचा आणि तिच्यावर बायकोने भरतकाम केलेला रुमाल घालायचा.

त्याने निळी डबी हातात घेतली, उलटी केली, हुंगली.

"हा इक्वलायझरच आहे," तो म्हणाला. "छोटा. माझ्याला दहा दांड्या, याला दोन कळ्या. म्हणजे माझ्याच्या पाचवा हिस्सा."

"नाही धोंडिबाकाका, हे वेगळं असतं." देवरामने कागद काढला. "इक्वलायझर काय करतो? आवाजात जे आहे तेच कमी-जास्त करतो. खालचं वाढवा, वरचं उतरवा. पण जे मुळात नाही ते तो कुठून वाढवणार? बेसमध्ये वरचं फारसं काही नसतंच. हा एन्हान्सर खालच्या सुरावरून वरचे नवीन सूर तयार करतो. मग कानाला तो सापडतो."

"नव्हते ते सूर तयार करतो?"

"हो."

"कशातून? बोंबलातून?"

ओटी हसली, आणि तिथून जे भांडण पेटलं ते दोन रविवार विझलं नाही. ढोलकीवाला उत्तम देवरामच्या बाजूने झाला, कारण धोंडिबा त्याची ढोलकी नेहमी बारीक ठेवायचा. रतन धोंडिबाच्या बाजूने झाला, कारण त्याला टेम्पोत फळीवरून आत सरकायचं होतं. आवाजाचा विचार करून कुणीच बाजू घेतली नव्हती. चंदूने डबी चालू झाली एवढं ऐकून ती परत मागायला सुरुवात केली. एक गाणं धड वाजलं नाही. देवराम कागद वाचायचा, धोंडिबा त्या कागदाच्या आईबापाचा उद्धार करायचा.

"दहा दांड्यांत जे होत नाही ते जगात होत नाही!" धोंडिबा गरजायचा.

"मग चार वर्षं माझा बेस का नाही ऐकू आला तुमच्या दहा दांड्यांतून?" देवराम एकदा तावातावाने बोलून गेला, आणि धोंडिबाने त्या दिवशी त्याच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

शेवटी कान्हाचं डोकं फिरलं. "बास! पुढच्या रविवारी आय ठरवेल."

आय म्हणजे आवडाबाई, कान्हाची आई. नाक्यावर मासळी विकायची. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मुलाची सगळी गाणी तिला एकच वाटायची आणि तसं ती चारचौघांत सांगायची. पण तिचा कान पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. खाडीवरच्या बायांना होडी वळणाआड असतानाच इंजिनच्या आवाजावरून ओळखावी लागते. आपली होडी असेल तर टोपली घेऊन उठायचं, दुसऱ्याची असेल तर बसून राहायचं. आवडाबाई त्यातली उस्ताद. होडी कुणाची एवढंच नाही, तर इंजिनात पाणी गेलंय की तेल संपत आलंय, आणि सुकाणूवर बाप बसलाय की लेक, हेही ती जाळं निवडता निवडता मान वर न करता सांगायची. आता खाडीत होड्या उरल्या नव्हत्या फारशा. पण कान होता तसाच होता.

तिचा नवरा दामाजी. चाळीस वर्षं होडीवर तांडेल होता, म्हणजे होडीचा कप्तान. आता त्याचं राज्य ओटीवरच्या लांब लाकडी बाकड्यापुरतं. जागा नसल्याने देवरामचा बेसचा भला मोठा खोका त्या बाकड्याखालीच ढकललेला असे. म्हाताऱ्याची कधी तक्रार नव्हती. गाणं सुरू झालं की दुसऱ्या ओळीला त्याची मान कलायची, तिसऱ्या ओळीला घोरणं लागायचं, आणि गाणं संपत आलं, सगळे हळूहळू थांबायला लागले, की तो एक डोळा उघडून विचारायचा, "लागला काय बंदर?" कुणीतरी "लागला, लागला" म्हणायचं, आणि पुढचं गाणं सुरू झालं की तो परत झोपायचा. त्याच्या झोपेकडे कुणाचंच लक्ष नसे. कान्हा तर म्हणायचा, बाबा ऐकायला येतो कुठे, आम्हाला आमची लायकी दाखवायला येतो.

तो रविवार उजाडला. हाच शेवटचा. दुपारच्याला आवडाबाई मासळी संपवून आली, हातपाय धुऊन ओटीच्या पायरीवर खाडीकडे तोंड करून बसली. देवरामबरोबर शालनही आली होती, मुद्दाम ऐकायला म्हणून नव्हे, तर 'त्या डबीचं एकदाचं काय ते होऊ दे' म्हणून. कुणीतरी आवडाबाईच्या समोर चादर धरायला निघालं.

"चादर नको," ती होडीला होरी म्हणणाऱ्या आपल्या बोलीत म्हणाली. "पाट करून बसलंय ना मी? होरी बगून कोनी पन वलकील. वाजवा."

कान्हाने नियम सांगितले. देवराम एकच तुकडा तीनदा वाजवणार. एकदा साधा, एकदा इक्वलायझरमधून, एकदा पेडलमधून, म्हणजे त्या पायाने दाबायच्या निळ्या डबीतून. कुठला कधी ते आयला सांगायचं नाही. धोंडिबाने रुमाल काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि दहाच्या दहा दांड्या वरच्या टोकाला नेऊन भिडवल्या.

पहिल्यांदा साधा. दुसऱ्यांदा इक्वलायझर, दिवे असे नाचले की उत्तमचं ढोलकीवरचं बोट नकळत हललं. तिसऱ्यांदा पेडल.

"पयली न दुसरी येकच होरी," आवडाबाई म्हणाली. "तिसरी बेगली."

"काय?" धोंडिबा उभा राहिला. "मावशी, नीट ऐका. दुसरी वेगळी नाही वाटली?"

"तसूभर हालली नाय जागची."

धोंडिबाने पुन्हा घ्यायला लावलं. क्रम बदलून घेतलं. दांड्या निम्म्या करून घेतलं, मग नुसत्या टोकाच्या दोन वर करून घेतलं. बाकड्यावर दामाजी वैतागला. एवढ्याएवढ्या तुकड्यांत त्याची झोप लागायची तशी मोडायची. "दुपारधरना नुसता इंजान चालू-बंद, चालू-बंद," तो पुटपुटला. "तेल काय फुकट येतंय?" आणि पाचही वेळा आवडाबाईने साधा आणि इक्वलायझर यांना एकाच माळेत बसवलं आणि पेडलला अचूक वेगळं काढलं. धोंडिबाच्या कपाळावर घामाचे मणी उभे राहिले.

शालन तेवढा वेळ यंत्रांच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी होती. ती खाली वाकली.

"काका," ती म्हणाली, "यात ही आत जाणारी वायर आहे. बाहेर येणारी कुठेय?"

"कसली बाहेर?"

"मिक्सरमधून एक वायर अँप्लिफायरला गेलीय, एक तुमच्या या पेटीत. आवाज पेटीत शिरतो, दिवे लागतात, सगळं बरोबर आहे. पण पेटीतून पुढे काहीच जात नाही. मागचं भोक रिकामंय. त्यात कोळ्याने जाळंसुद्धा केलंय."

धोंडिबा गुडघ्यावर बसला, चष्मा वर केला, मागे हात घातला आणि बोटाला लागलेलं कोळ्याचं जाळं पाहत राहिला. पहिल्या दिवशी दिवे नाचले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याला वाटलं होतं की झालं. चार वर्षं हळदी गाजल्या, लोक येऊन सांगून गेले की इक्वलायझर आल्यापासून आवाज काय सुधारलाय, आणि चार वर्षं तो आवाज पेटीला शिवलासुद्धा नव्हता.

उत्तम आधी हसला, मग रतन, मग तर कान्हा पोट धरून बसला. देवरामला मात्र हसू येईना. खरं म्हणजे त्याने नाचायला हवं होतं. पण धोंडिबा तसा भुईवर बसलेला पाहून तो गिटार घेऊन त्याच्या शेजारी उकिडवा बसला. इतकी वर्षं दर कार्यक्रमाला हजर राहायचं आणि गाण्यात आपण नव्हतोच असं एके दिवशी कळायचं, म्हणजे काय ते त्या ओटीवर देवरामला सगळ्यांत चांगलं कळत होतं.

"जोडू या, काका," तो म्हणाला. "शालन, जोड गं."

शालनने दोन मिनिटांत जोडलं. परत तीन तुकडे वाजले. आता मात्र आवडाबाईने मान तिरकी केली.

"हां. आता होरी जवल आली. पन होरी तीच, इंजान तेच." मग पेडल. "आन ह्यो? ह्यो जवल नाय आला न लांब नाय गेला. इंजान तेच हाय, पन कोनी नलीला भोक पारलाय. ह्यो नवा आवाज त्या भोकाचा."

देवरामने खिशातला कागद काढून पाहिला. इतक्या इंग्रजीत कागद लिहिणाऱ्यांना जे सांगता आलं नव्हतं ते बाईने पायरीवर बसून सांगितलं होतं. "वेगळं आहे!" तो ओरडला. "आहेच वेगळं! काका, ऐकलंत?"

"आहे," धोंडिबा म्हणाला. मोठ्या मनाचा माणूस. "वेगळं आहे."

"आहे ना?" कान्हा म्हणाला. "छान. मग वाजव आता गाण्यात. त्यासाठीच चाललंय ना सगळं?"

आणि देवरामच्या लक्षात आलं की वेगळं आहे की नाही हा खटला जिंकला, पण बेस हवा की नको हा अजून उभाच आहे.

कान्हाने एक कोळीगीत धरलं. देवरामने पेडलच्या दोन्ही कळ्या पूर्ण फिरवल्या आणि पाय मारला. आता ऐकू आलाच पाहिजे. आला. इतका आला की पत्र्याचं छप्पर थरथरलं, कान्हाचा आवाज त्याच्याखाली गेला, उत्तमची ढोलकी त्याच्याखाली गेली, आणि दामाजी दोन्ही कानांवर हात दाबून उठून बसला. "खरखर, खरखर! फुटला तो इंजान!"

"कान्हा, तू गातोस का रं?" आवडाबाईने खाडीकडे बघत विचारलं. "का नुसता उबा हाईस?"

कान्हाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "देवा, हे बघ," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता चिडही नव्हती, म्हणून देवराम घाबरला. "साधा वाजवतोस तर तू ऐकू येत नाहीस. याच्यातून वाजवतोस तर गाणं ऐकू येत नाही. मी काय करू? डबी काढ. साधा वाजव. पहिलं कडवं तू, दुसऱ्याला मी हात करीन तेव्हा थांब, रतन डाव्या हाताने घेईल. आय, ऐक हां. फरक पडला तर बोल. नाही पडला तर संपलं."

देवरामने डबी सोडवली. हाताला बोंबलाचा वास होता. त्याने शालनकडे पाहिलं नाही.

गाणं सुरू झालं. देवराम वाजवत होता, जसं चार वर्षं वाजवत होता तसंच, ढोलकीच्या थापेला थाप लावून, कान्हाच्या सुराखाली सूर ठेवून. आपण शेवटचं वाजवतोय असं त्याला वाटलं, आणि वाटलं म्हणून त्याने मुद्दाम काही वेगळं केलं नाही. बाकड्यावर दामाजी आडवा झाला. दुसऱ्या ओळीला मान कलली. पहिलं कडवं संपलं, दुसरं लागलं, आणि अर्ध्या ओळीवर कान्हाने हात केला.

देवरामने तारांवर तळवा ठेवला. रतनचं डावं बोट लगेच सुरू झालं. टुक टुक, टुक टुक. गाणं पुढे गेलं. अजिबात अडखळलं नाही. उत्तम मान खाली घालून वाजवत राहिला. आवडाबाईने डोकं इकडे केलं, तिकडे केलं, पण ती बोलली नाही. कान्हा तिच्याकडे पाहत गात होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू यायला लागलं होतं. देवरामने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला.

"इंजान कोनी बंद केला!"

दामाजी बाकड्यावर उभा होता. झोपेतून थेट उभा. डोळे तारवटलेले, डावा हात हवेत सुकाणू शोधत होता. "कान्हा! उठ, मेल्या! मशीन बंद परली! खरकाव जाल समदी! नांगर टाक! नांगर!" कान्हा गाता गाता जागेवर गपकन थांबला, तीस वर्षांचा बाप्या, पण त्या हाकेला त्याचे पाय आपोआप दोरखंड शोधायला वळले. रतनचं बोट अजून टुकटुकत होतं. "आन ह्यो कोन खेलना वाजवतोय?" दामाजी त्याच्यावर ओरडला. "होरी बुरतेय, न ह्यो खेलना वाजवतोय!"

उत्तमची ढोलकी थांबली. रतनने बोट उचललं. चंदू धावला, त्याने म्हाताऱ्याला धरून खाली बसवलं.

आवडाबाई पहिल्यांदाच खाडीकडे पाठ करून वळली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "वलखलंच मी मनात, कायतरी गेलाय गाण्यातना," ती म्हणाली. "पन काय ता सापरंना. आरं कान्हा, तू लानपनी बापासबत जायचास. होरीव कसा झोपायचास?"

"इंजिनावर डोकं ठेवून," कान्हा म्हणाला.

"आयकू यायचा तुना इंजान?"

कान्हाने नकारार्थी मान हलवली.

"आयकू नाय येत. कोनालाच नाय येत. समदी गुमान झोपतान. बंदराला लागताना हलू हलू बंद झाला तरी कोनी दचकून उटत नाय. पन मदीच बंद परू दे, येक जन झोपून राहील तर बोल मना. आन तू त्यालाच खाली उतरवतोस, आयकू येत नाय म्हनून?"

कान्हाने बापाकडे पाहिलं, मग रतनच्या कीबोर्डकडे, मग देवरामच्या हातातल्या पट्ट्याकडे. त्याने मान खाजवली.

"देवा, वाजव बाबा," तो म्हणाला. "नाहीतर म्हातारा खरंच नांगर टाकायला खाली उतरेल."

देवरामने पट्टा परत खांद्यावर चढवला. कान्हाने तेच कडवं पुन्हा धरलं. खोका बाकड्याखाली घुमायला लागला. दामाजी अजून कुरकुरत होता, रतनकडे संशयाने बघत होता. मग त्याने पाय वर घेतले, कूस बदलली, फळीवर कान टेकवला. पहिल्या ओळीला त्याची मूठ सैल झाली. दुसऱ्या ओळीला मान कलली. देवराम कान्हाकडे नाही, उत्तमकडे नाही, त्या म्हाताऱ्याच्या उघड्या तोंडाकडे बघत वाजवत होता. तिसऱ्या ओळीला घोरणं आलं, आणि देवरामला वाटलं, चार वर्षांत कुणी दिली नव्हती ती दाद हीच.

शालन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. गाणं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "आलं ऐकू?"

"नाही," ती म्हणाली. "पण मघाशी थांबलात ना, तेव्हा इथे कसंतरीच झालं होतं." तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "मला वाटलं, भूक लागली असेल."

निळी डबी त्या संध्याकाळी बोंबलांच्या डब्यावर परत गेली आणि वरवंटा शीलाने परत केला नाही. धोंडिबाच्या इक्वलायझरला दोन्ही वायरी आल्या. त्यानंतरच्या पहिल्याच हळदीत यजमान तक्रार घेऊन आले की आवाज बदलला, पूर्वीसारखी मजा नाही. टेम्पोत जागा मात्र काही झाली नाही. कान्हाने हट्टाने ते लांब लाकडी बाकडं आत चढवलं, खोक्यावर ठेवलं, त्यावर बापाला बसवलं, आणि स्वतः चार तास फळीवर पाठ धरून बसला. मग मांडवातही बाकडं खोक्यावर मांडलं जाई, आणि गाणी चालू असेपर्यंत त्याची एक नजर माईकवर आणि एक बाकड्यावर असे. म्हातारा झोपलेला असला की तो निश्चिंत गायचा.